फ्रिजमधल्या दोन डब्या

आमच्या घरातला फ्रिज माणसांसाठी घेतलेला नाही, नरासाठी घेतलेला आहे. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. पिंपळगाव रेणुकाईच्या पुढं चार किलोमीटरवर आमचं गाव, आणि गावात निम्म्या लोकांकडं शेडनेट. हिरव्या जाळीच्या आत मिरचीचं बियाणं तयार होतं. कंपनी मादीची रोपं वेगळी देते, नराची वेगळी. संध्याकाळी मादीच्या कळीतले पुंकेसर चिमट्यानं काढून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फुलाला नराचा पराग लावायचा. हा पराग नराच्या फुलांतून काढून, वाळवून, बारीक कापडातून गाळून डबीत भरतात आणि फ्रिजमध्ये ठेवतात. आमच्याकडं सगळे त्याला नुसतं 'नर' म्हणतात. नर गाळला का, नर संपला का, नराची डबी कुठं गेली, असं दिवसभर चालू असतं.

हा पराग उष्णतेत राहिला की मरतो. मेलेला पराग लावला तर मिरची धरत नाही, धरली तर आत बी नसतं. म्हणून माझे सासरे पुंजाराम लाइट गेली की फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसतात. दार कुणी उघडायचं नाही, पाणी प्यायचं असेल तर माठातलं प्या. मला टायफॉईड झाला होता तेव्हा मी आठ दिवस पडून होते, माझ्यासमोर कुणी खुर्ची टाकून बसलं नव्हतं.

त्याच फ्रिजमध्ये, वरच्या खणात, दहा महिन्यांपासून अजून एक डबी होती. पांढरी, प्लास्टिकची, घट्ट झाकणाची. तिच्यात इंजेक्शनं असायची. 'अर्पिताची इंजेक्शनं' असं सगळं घर म्हणायचं, आणि सासूच्या कृपेनं गावही म्हणायचं. अर्पिता म्हणजे मी. इंजेक्शनं माझी नव्हती.

माझ्या लग्नाला सात वर्षं झाली. नवऱ्याचं नाव परमेश्वर. तोंडावर मी त्याला अहोजाहो करते, इथं करणार नाही, कारण इथं मी खरं सांगायला बसले आहे. पहिल्या सहा वर्षांत माझ्या अंगाचं तपासायचं काही शिल्लक राहिलं नाही. नळ्या तपासल्या, पोटात दुर्बीण घातली, पिशवी धुतली. भोकरदनला एक डॉक्टर झाला, सिल्लोडला दुसरा झाला. मधूनच एका बाबाचा अंगारा दुधातून घेतला आणि एकवीस मंगळवार उपाशी राहिले. प्रत्येक डॉक्टर म्हणायचा, हिच्यात दोष दिसत नाही. सासू पुष्पाबाई म्हणायची, "दिसत न्हाई म्हंजी लई आत असल."

परमेश्वरला कुणी काही विचारलं नाही. तो धडधाकट होता, पोती उचलत होता, त्याला काय विचारायचं?

आमच्याकडं शेडनेटमध्ये एक रीत आहे. हंगामातलं पहिलं फूल लेकुरवाळीनं लावायचं, म्हणजे प्लॉट भरून येतो. ती लेकुरवाळी म्हणजे माझी मोठी जाऊ दैवशाला. दोन पोरांची आई आहे, माणूस म्हणून वाईट नाही, पण तिच्या चिमट्यात दहातली चार फुलं तुटतात. माझ्या हातून एकही तुटत नाही. गावातल्या बाया माझ्याकडून काम शिकून गेल्या. तरीही पहिल्या दिवशी दैवशालाची एक ओळ पूर्ण होईपर्यंत मी जाळीच्या बाहेर, चपलांच्या ढिगाजवळ उभी राहायची. सात हंगाम मी त्या चपलांजवळ काढले.

मागच्या वर्षी निम्म्या प्लॉटला मिरच्या धरल्याच नाहीत. पुष्पाबाईला कारण शोधायला वेळ लागला नाही. मी दैवशालाच्या आधी जाळीत पाय टाकला म्हणे. ती विहिरीवर हे बोलली, देवळात बोलली, पिठाच्या गिरणीतही बोलली. मग कंपनीचा सुपरवायझर राधेश्याम आला. त्यानं कुणा बाईकडं बघितलंही नाही. पिशवीतून बारीक दाणा मोठा दाखवणारी छोटी दुर्बीण काढली आणि म्हणाला, "नराची डबी आणा."

काचेच्या पट्टीवर चिमूटभर पराग, वर लाल रंगाचा थेंब. जिवंत दाणा लाल होतो, मेलेला फिका राहतो. त्यानं बघितलं, सासऱ्यांना बघायला लावलं. सगळे दाणे फिके.

"मादी एकदम बराबर आहे," राधेश्याम म्हणाला. "नर डेड आहे. फ्रिज बंद पडला होता का?"

भाचीच्या लग्नाला घर दोन दिवस कुलूप लावून गेलं होतं तेव्हा लाइट गेली होती, ते सगळ्यांना आठवलं. पुष्पाबाई म्हणाली, "पण बाईच्या हाताचा बी गुण असतो की."

"पुष्पाबाई, फळ धरलं नाही की पहिला नर तपासायचा, हा कंपनीचा नियमच आहे," राधेश्याम म्हणाला आणि दुर्बीण पुसून पिशवीत टाकली.

मी तिथं उभी होते. मला इतकं हसू आलं की तोंडाला पदर लावून गोठ्यात जावं लागलं. हसता हसता रडू कधी फुटलं ते कळलं नाही. सहा वर्षं! मिरचीला जो न्याय होता तो मला नव्हता.

त्याच आठवड्यात मी परमेश्वरला म्हटलं, "तुमचा रिपोर्ट काढायचा."

"मला काय झालंय?"

"राधेश्यामनं काय केलं ते बघितलं ना?"

तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी तयार झाला, कारण मी फोन लावलेल्या जालन्याच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी फोनवरच सांगितलं होतं की नवऱ्याच्या रिपोर्टाशिवाय बायकोला घेऊन येऊ नका. रिपोर्टात शुक्राणूंच्या रकान्यात एक मोठं शून्य होतं. मग रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी त्याला शेताच्याच भाषेत सांगितलं. म्हणाल्या, शेत चांगलं आहे, पाण्याचा व्हॉल्व्ह वरून बंद आहे. मेंदूच्या खाली एक ग्रंथी असते, तिच्यातून जे हार्मोन सुटायला पाहिजेत ते सुटत नाहीत, म्हणून खाली काही तयारच होत नाही. दाढी कमी, अंगात सुस्ती, तेही त्यामुळंच. ते हार्मोन बाहेरून द्यायचे. आठवड्यातून तीन इंजेक्शनं, सहा महिन्यांनी गरज पडली तर दुसरं एक जोडायचं. वर्ष लागेल, दोनही लागतील. चुकवायचं नाही आणि उष्णतेत ठेवायचं नाही.

"बरं होईल का पण?" त्यानं विचारलं.

"तुमच्यासारख्यांत बऱ्याच जणांना होतं," बाई म्हणाल्या. "पण धीर पाहिजे."

नर्सनं मला इंजेक्शन द्यायला शिकवलं. पावडरीच्या कुपीत पाणी सोडायचं, हलक्या हातानं फिरवायचं, सिरिंजमध्ये ओढायचं, बेंबीच्या बाजूला कातडी चिमटीत धरून टोचायचं. एकदा दाखवलं आणि मला आलं. नर्स म्हणाली, हात फार स्थिर आहे तुमचा. मी म्हटलं, फुलांची सवय आहे.

परतताना परमेश्वर रेणुकाईच्या देवळात थांबला. दुपारची वेळ, देवळात कुणी नव्हतं. तिथं तो लहान पोरासारखा रडला आणि म्हणाला, "अर्पिता, नाव तुझं राहू दे. गावाला कळलं तर म्या मान वर करून चालू शकणार न्हाई. तुला तं सवय झाली हाय. माझ्या रिपोर्टमंदी कायतरी येऊ दे, म्या सोता आईला सांगन. देवीसमोर सांगतो."

मला तं सवय झाली हाय! हे वाक्य मी त्या वेळी गिळलं. मला त्याची कीव आली होती. प्रेमही होतं, खोटं कशाला बोलू. मी हो म्हटलं.

तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी आंघोळीनंतर आम्ही मागच्या खोलीत जायचो आणि दार लावायचो. बाहेर पुष्पाबाई शेजारणीला सांगायची, "माझा लेक सोता बायकोला सुई टोचतो. कोणता नवरा करंल एवढं?" आत तिचा लेक शर्ट वर करून, डोळे गच्च मिटून, भिंतीकडं तोंड करून बसलेला असायचा. सुई बघितली की त्याला घाम फुटतो. पोती उचलणारा गडी, आणि केसाएवढ्या सुईला घाबरतो.

डबी काढायला मी फ्रिज उघडला की पुष्पाबाईचं तोंड उघडायचं. "निघाली का डबी? एवढं टोचून घेती, एखादा उंदीर तरी होऊ दे पोटाला." कधी म्हणायची, "माझ्या लेकाचा खर्चा बघा. दुसऱ्यानं कवाच माहेरी धाडली असती." परमेश्वर तिथंच चहा पीत बसलेला असायचा. त्याची बशी कधी हलली नाही.

श्रावणापर्यंत त्याच्या अंगात फरक दिसायला लागला. पूर्वी दहा दिवसांतून एकदा दाढी करणारा माणूस आता तिसऱ्या दिवशी वस्तरा मागायला लागला. आवाज भरला, खांदे भरले, सकाळी उठवायला लागेना. पुष्पाबाई त्याच्याकडं डोळे भरून बघायची. "ह्या साली तूप बराबर लागलं लेकराला," म्हणायची. दैवशाला एकदा कळ्या खुडता खुडता हसत म्हणाली, "इंजेक्शनं तू घेऊन राह्यली अन् जवान भाऊजी होऊन राह्यले, हे कसं काय गं?" मी पुढच्या झाडाकडं सरकले. ती माझ्याकडं बघत राहिली, मग तिनं मान खाली घातली आणि कामाला लागली. तिला तेव्हाच कळलं असावं असं मला वाटतं.

सहा महिन्यांनी रिपोर्ट केला तेव्हा पुन्हा शून्य आलं. दुसरं इंजेक्शन जोडलं. आठव्या महिन्याच्या रिपोर्टात शून्य नव्हतं. थोडे होते, पण होते, आणि हलत होते. डॉक्टरीणबाईंनी त्याचं अभिनंदन केलं. जालन्याच्या बस स्टँडवर परमेश्वरनं पेढे घेतले. आम्ही दोघांनी तिथंच उभ्यानं खाल्ले. घरी नेले असते तर कशाचे ते सांगावं लागलं असतं, म्हणून रिकामा बॉक्स त्यानं तिथंच टाकला आणि रुमालानं मिशी पुसली.

गाडीत मी म्हटलं, "आज सांगा आता तुमच्या आईला. देवीसमोर बोलला होता."

"थांब की. थोडेच आलेत. पूर्ण होऊ दे."

"पूर्ण म्हणजे किती?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला.

इकडं पुष्पाबाईचा धीर संपला होता. तिचा भाऊ रायभान, म्हणजे परमेश्वरचा मामा, शहागडला राहतो. त्याच्या मुलीसाठी, प्रांजलीसाठी, तिनं भावाच्या कानाला लागायला सुरुवात केली. एक दिवस जेवताना मलाच म्हणाली, "तू ऱ्हा घरात, तुला कोण हाकलून राह्यलंय? दुसऱ्या लग्नाला राजी हाय असा कागद करून देशील. प्रांजलीला लेकरू झालं की तुझ्याच मांडीवर दिऊ. दिवाळीपस्तोर वाट बघते."

मी परमेश्वरकडं बघितलं. तो भाकरी कुस्करत होता. म्हणाला, "आई, बघू नंतर."

बघू नंतर! दोष त्याचा, औषध त्याचं, शपथ त्याची, आणि घर सोडायची पाळी माझी. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याचा राग आला नाही, किळस आली. तोंडातून खरं काढायला मला एक क्षण लागला असता. पण मी सांगून काय उपयोग होता? वांझ बाई नवऱ्यावर ढकलून राह्यली, असंच म्हणाले असते, आणि तो मान खाली घालून बसला असता. ते त्याच्याच तोंडातून यायला पाहिजे होतं. नाहीतर दिवाळीनंतर माझी जागा चपलांजवळसुद्धा राहणार नव्हती.

आश्विनात नराच्या झाडांना भरभरून फुलं आली. सासऱ्यांनी तीन दिवस पराग गाळला. डब्यांवर डब्या झाल्या. शुक्रवारी मी इंजेक्शन देऊन पांढरी डबी जागेवर ठेवली होती. महिन्याभराचा नवा साठा होता तिच्यात. सोमवारी सकाळी फ्रिज उघडला तर वरच्या खणात ओळीनं नर. पांढरी डबी कुठंच नाही.

ती सापडली चुलीच्या वरच्या फळीवर, पत्र्याला लागून. हातात घेतली तर चटका बसावा इतकी तापलेली. शनिवार आणि रविवार, दोन पूर्ण दिवस ती तिथं भाजत होती.

मी ती घेऊन अंगणात आले. "आत्याबाई, ही डबी कुणी काढली?"

पुष्पाबाई तांदूळ निवडत होती. तिनं वरही बघितलं नाही. "म्या काढली. नराला जागा लागती."

"ह्याला थंड लागतं. सगळी इंजेक्शनं गेली."

"गेली तं गेली. धा महिने टोचून काय झालं? नर मेला तं प्लॉट जातो. तुझी इंजेक्शनं मेल्यानं काय जाऊन राह्यलंय?"

सासरे खुर्चीवरून म्हणाले, "नराला जपावंच लागतं बाई."

परमेश्वर नळावर दात घासत होता. त्याचा हात थांबला. त्यानं डबीकडं बघितलं, फळीकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. तोंडात पेस्टचा फेस तसाच. मला वाटलं, आता बोलेल. स्वतःचं औषध आईनं भाजलं, आता तरी हा माणूस ओरडेल. मी उभी राहिले. दैवशालाही परात हातात धरून दारात उभी राहिली.

त्यानं चूळ भरली आणि म्हणाला, "जाऊ दे अर्पिता. दुसरी आणू."

खोलीत आल्यावर मात्र माझा हात धरला. "आजची चुकंल गं. जल्दी जालन्याला जाऊन घेऊन ये. दुपारच्या गाडीनं ये."

दर वेळी मीच जात होते. जुन्या जालन्यातल्या मेडिकलवाल्याला त्याचं तोंड माहीत होऊ नये म्हणून. थर्मासमध्ये बर्फ भरून मी एकटी बसनं यायची.

"आणते," मी म्हटलं. "पण ह्यापुढं दार लावून टोचणार नाही. अंगणात टोचीन, सगळ्यांच्या देखत. तुम्ही स्वतः येऊन समोर बसायचं."

"येडी झाली का तू?"

"मग राहू द्या."

मी जालन्याला गेले, इंजेक्शनं आणली, नराच्या दोन डब्या खालच्या खणात सरकवून आपली डबी पुन्हा वर ठेवली, आणि हात झटकले. सोमवार गेला. बुधवार गेला. शुक्रवारी परमेश्वरनं कुपी आणि सिरिंज उचलली, एकटा खोलीत गेला आणि दार लावलं. अर्ध्या तासानं घामानं भिजून बाहेर आला. सुई तशीच होती. गावातल्या कंपाउंडरकडं जायची सोय नव्हती, त्यापेक्षा देवळाच्या भोंग्यावर सांगितलेलं बरं. त्यानं डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या चिडल्या. इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात घालू नका, म्हणाल्या. तो माझ्यापुढं हात जोडून बसला, एकदा तर पाया पडला. मी म्हटलं, पाया अंगणात पडा. दोन आठवडे आम्ही एका खोलीत राहून शत्रूसारखे वागलो. मला वाईट वाटलं का? वाटलं. लेकरू मलाही पाहिजे होतं. चुकलेलं प्रत्येक इंजेक्शन माझंही होतं. पण प्रांजलीसाठी नवरा दुरुस्त करून द्यायची मला हौस नव्हती.

पहिल्या फुलाचा दिवस सोमवारीच आला. अंगणात पाट मांडला, नारळ ठेवला. रायभानमामा शहागडहून सकाळीच आले होते, डोक्यावर नवी टोपी. राधेश्याम दुर्बीण घेऊन आला होता, नर तपासल्याशिवाय तो फुलाला हात लावू देत नाही. दैवशाला बोटात परागाची अंगठी घालून तयार होती. ती प्लास्टिकची असते, वर छोटी वाटी, तीत पराग भरून फुलाला लावत जायचं.

पुष्पाबाई सगळ्यांच्या देखत म्हणाली, "अर्पिता, ह्या साली तू जाळीत बिलकुल याचं न्हाई. बाहीर बस. मागल्या साली लई भोगलं आमी." मग भावाकडं वळली. "रायभान, दिवाळीच्या आत तिथी काढ बाबा."

"परमेश्वरला इचारलं का पण, अक्का?" मामा म्हणाले.

सगळ्यांनी परमेश्वरकडं बघितलं. तो नारळाची शेंडी सोलत होता. सोलून झालेली शेंडी पुन्हा सोलत होता.

राधेश्याम फ्रिजमधून नराच्या डब्या काढून आणत होता, त्यात पांढरी डबीही आली. त्यानं झाकणावरची चिठ्ठी वाचली. "ही औषधाची आहे ना? याला पण थंडच लागतं. बाहेर ठेवू नका हां, खराब होऊन जाईल." त्या घरात ती चिठ्ठी वाचणारा तो पहिला माणूस होता.

मी त्याच्या हातातून डबी घेतली आणि ओट्यावर बसले. कुपी फोडली, पाणी सोडलं, फिरवलं, सिरिंजमध्ये ओढलं, बुडबुडा काढला.

"लाज हाय का न्हाई बाईला?" पुष्पाबाई ओरडली. "पाव्हण्यांसमोर पोट उघडं करून बसती का आता?"

मी परमेश्वरकडं बघितलं. "सुई भरली आहे," मी म्हटलं. "भरलेली सुई ठेवता येत नाही. घ्यायची का फेकायची, ते सांगा. आज फेकली तर पुन्हा भरणार नाही. दिवाळीत मामांची प्रांजली येईल, तिला शिकवा."

मी सुई तशीच उभी धरून बसले.

त्यानं नारळ पाटावर ठेवला. आईकडं बघितलं, मामाकडं बघितलं, राधेश्यामकडंही बघितलं. मग पाय ओढत आला, माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला आणि शर्ट वर केला.

"त्याला कशाला?" पुष्पाबाई म्हणाली. "ए परमेश्वर, ऊठ. तुझं काय काम हाय तिथं?"

"माझी हायेत, आई," तो भिंतीकडं बघत म्हणाला. "इंजेक्शनं माझीच हायेत. पहिल्यापसून. दोष माझ्यात हाय, तिच्यात न्हाई."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. सासरे एकदम खुर्चीवरून उठले आणि उगाच फ्रिज बंद आहे का ते बघायला गेले. राधेश्याम मान खाली घालून दुर्बिणीची काच पुसायला लागला. दैवशालाच्या तोंडून हसू निसटलं, तिनं लगेच तोंडावर हात ठेवला.

पुष्पाबाई जवळ आली. वाकून तिनं लेकाच्या पोटाकडं बघितलं. बेंबीच्या दोन्ही बाजूंना दहा महिन्यांचे बारीक निळे डाग होते. ती ते बघत राहिली. मग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. सात वर्षांचं काहीतरी. माफी नको, निदान माझं नाव तरी घेईल.

"हळू टोच गं," ती म्हणाली. "दुखंल त्याला."

दहा महिने त्या बाईला वाटत होतं की ही सुई माझ्या पोटात जाते. आठवड्यातून तीनदा ती दाराबाहेर बसलेली असायची. एकदाही तिच्या तोंडून हा शब्द निघाला नव्हता.

मी नेहमी टोचते तशीच सुई टोचली. मग उठले, दैवशालाच्या बोटातली अंगठी काढून घेतली आणि कुणालाही न विचारता जाळीत शिरले.